तान्समन आणि स्त्राविन्स्की: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणाऱ्यांच्या गप्पांत अलेक्सांद्र तान्समन हे नाव आलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे तो स्त्राविन्स्कीचा मित्र ना?" हो, विसाव्या शतकातला थोर रशियन संगीतकार इगोर स्त्राविन्स्की, त्याचाच. पण 'अमक्याचा मित्र' या ओळखीत माणूस किती उरतो आणि किती हरवतो, हे तान्समनइतकं क्वचितच कुणाच्या बाबतीत नीट दिसतं. गेल्या काही वर्षांत लोकांनी मला विचारलेले प्रश्न आणि मला जमली तशी उत्तरं खाली दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे माझा जीव अडकतो, एवढंच.

थोडक्यात सांगा, हा तान्समन कोण?

पोलंडमध्ये १८९७ साली जन्मलेला आणि १९८६ साली पॅरिसमध्ये वारलेला संगीतकार. स्वतःच्या रचना स्वतः मैफलीत वाजवणारा उत्तम पियानोवादक. सिंफनी, कॉन्चेर्टो (एक वाद्य पुढे, वाद्यवृंद साथीला), ऑपेरा, बॅले, चित्रपटसंगीत, गिटारसाठीच्या रचना, लहान मुलांसाठी पियानोचे तुकडे असं सगळं त्याने लिहिलं. संगीतकार रावेल, गर्श्विन आणि शॉनबर्ग, गिटारवादक सेगोव्हिया, सिनेमावाला चॅप्लिन यांच्याशी त्याचे घरोब्याचे संबंध होते. आणि त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या इगोर स्त्राविन्स्कीशी झालेली मैत्री त्याच्या आयुष्याच्या मधोमध आहे.

नावाचा उच्चार कसा करायचा? आणि तो पोलिश की फ्रेंच?

पोलिशमध्ये आलेक्सांदेर तान्समन. फ्रान्समध्ये त्याचा अलेक्सांद्र झाला आणि जगाने तेच रूप उचललं. त्याच्या गावाच्या नावाचा घोटाळा याहून मोठा आहे. इंग्रजी नकाशावर 'लोड्झ' वाचता येईल असं जे दिसतं, त्याचा पोलिश उच्चार आहे 'वुच'. अर्थ 'होडी'. गावाला म्हणावी अशी मोठी नदी मात्र नाही.

नागरिकत्वाचं म्हणाल तर तो रशियन साम्राज्याचा प्रजाजन म्हणून जन्मला, १९१८ साली देश स्वतंत्र झाल्यावर पोलिश झाला आणि १९३८ मध्ये फ्रेंच. धर्माने ज्यू. आयुष्यभर लिहिलेल्या मझुर्कांचे (म्हणजे पोलिश नाचाच्या ठेक्यावरच्या रचनांचे) चार संच मागे ठेवणारा माणूस पोलिश नव्हता असं कोण म्हणेल? पण घर म्हणून त्याने पॅरिसच निवडलं, दोनदा.

बालपण कसं होतं?

खाऊन-पिऊन सुखी, शिकलेलं, संगीताची आवड असलेलं ज्यू घर. वुच तेव्हा कापडगिरण्यांचं शहर होतं. धुराची नळकांडी, गिरणीमालकांचे वाडे, आणि रस्त्यावर पोलिश, यिडिश, जर्मन, रशियन अशा चार भाषा. पियानोवादक आर्थर रुबिनश्टाईन आणि कवी युलियान तुविम हेही याच गावचे. अशा गावात वाढलेल्या पोराला भाषांचं अप्रूप राहत नाही. तान्समनला पुढे सहा-सात भाषा सहज येत होत्या. या गोष्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण त्याच्या मैत्र्यांचं अर्धं रहस्य तिथे आहे.

तो वकील होता असं वाचलं. खरं का?

वॉर्सा विद्यापीठात त्याने कायद्याचं शिक्षण घेतलं, वकिली केली नाही. शिक्षण चालू असतानाच १९१९ साली नव्याने स्वतंत्र झालेल्या पोलंडने संगीतरचनेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. तान्समनने वेगवेगळ्या टोपणनावांनी एकापेक्षा जास्त रचना पाठवल्या. निकाल लागला तेव्हा पहिलं बक्षीसही त्याचं आणि खालच्या दोन मानांकनांवरही तोच! परीक्षकांना पाकिटं उघडताना काय वाटलं असेल याची कल्पना करून मला अजून हसू येतं. कायद्याचा अभ्यास नियमांतली फट शोधायच्या कामी आला म्हणायचा.

बक्षीस मिळालं तरी वॉर्सातल्या समीक्षकांना त्याचं संगीत फार धीट वाटत होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस तो पॅरिसला निघाला.

पॅरिसमध्ये त्याचा जम कसा बसला?

आधी पोटाची सोय. गोदामात खोकी बांधण्यापासून बँकेतल्या कारकुनीपर्यंत मिळेल ते काम त्याने केलं. मग रावेल भेटला.

मोरिस रावेल त्याच्याहून बावीस वर्षांनी मोठा, तेव्हाच्या फ्रेंच संगीतातला सर्वांत मोठा माणूस. स्त्राविन्स्कीच्या गोष्टीत रावेल विसरला जातो, आणि ते बरोबर नाही. परक्या देशातून आलेल्या विशीतल्या पोराला त्याने प्रकाशकांकडे नेलं, वाद्यवृंदाच्या संचालकांशी गाठ घालून दिली. त्याबद्दल त्याने काही मागितलं नाही. शिष्य करून घेतलं नाही, आपली शैलीही लादली नाही. वडीलधाऱ्या कलावंताने धाकट्याशी कसं वागावं हे तान्समनने तिथे पाहिलं. पुढे स्त्राविन्स्कीसमोर तो दबून गेला नाही, याचं एक कारण मला हेच दिसतं. मोठ्या माणसाच्या शेजारी ताठ बसायची सवय त्याला आधीच लागली होती.

मग तो 'सहा जणां'च्या गटात का गेला नाही?

मियो, ओनेगेर, पुलांक वगैरे सहा तरुण फ्रेंच संगीतकारांचा गट १९२० पासून गाजत होता. तान्समनलाही ओढायचा प्रयत्न झाला. त्याने नम्रपणे नकार दिला, कारण स्वतःची वाट मोकळी ठेवायची होती. त्याऐवजी त्याचं नाव 'एकोल द पारी' म्हणजे पॅरिस घराणं म्हणून ओळखल्या गेलेल्या मंडळींशी जोडलं जातं: चेक मार्टिनू, हंगेरीचा हार्शान्यी, रुमानियाचा मिहालोविची, रशियन चेरेप्निन, स्विस कॉनराड बेक. घराणं हा शब्द आपल्या अर्थाने घेऊ नका. यांची गायकी एक नव्हती. सगळे परदेशी, सगळे पॅरिसच्या आश्रयाला आलेले, इतकंच समान.

चॅप्लिनचा काय संबंध?

तान्समनने दुसरा पियानो कॉन्चेर्टो चार्ली चॅप्लिनला अर्पण केला. डिसेंबर १९२७ मध्ये बॉस्टनला वाद्यवृंद-संचालक कुसेवित्स्कीच्या हाताखाली तो पहिल्यांदा वाजला. पियानोवर खुद्द तान्समन. त्या दौऱ्यात अमेरिका त्याच्या अंगात भिनली. गर्श्विनशी मैत्री झाली, जॅझ कानावर पडला, आणि १९३० मध्ये त्याने 'सोनातीन त्रान्साटलांतिक' लिहिली. तिचे तीन भाग आहेत: फॉक्सट्रॉट, स्पिरिच्युअल-ब्लूज आणि चार्ल्स्टन. दोन वर्षांनी जर्मन नृत्यदिग्दर्शक कुर्ट योसने त्याच संगीतावर महानगराच्या एकटेपणाचं बॅले बसवलं.

अर्पणपत्रिका हा एरवी शिष्टाचाराचा भाग. या एका अर्पणपत्रिकेची परतफेड चौदा वर्षांनी झाली. ते पुढे येतं.

तो भारतात आला होता का?

आला होता. हा प्रश्न मराठी वाचक हमखास विचारतात. १९३२-३३ मध्ये त्याने पियानोवादक म्हणून जगाचा दौरा केला: अमेरिका, जपान, आग्नेय आशिया आणि भारत. महात्मा गांधींची भेट झाल्याचा उल्लेख त्याच्या चरित्रांत आवर्जून येतो. प्रवासातून परतल्यावर त्याने 'ल तूर द्यू मोंद आं मिनियात्यूर' हा पियानोच्या छोट्या तुकड्यांचा संच लिहिला. नावाचा अर्थ 'छोट्या चित्रांतली पृथ्वीप्रदक्षिणा'. त्यातला बालीच्या गामेलान या वाद्यमेळावरचा तुकडा सर्वांत जास्त वाजवला जातो. वहीत पेन्सिलीने झरझर काढलेल्या रेखाटनांसारखे हे तुकडे आहेत. फार खोल जात नाहीत, पण नजर चांगली आहे.

लग्न, संसार?

१९३७ मध्ये त्याने पियानोवादक कोलेत क्राशी लग्न केलं. हे त्याचं दुसरं लग्न. तिचे वडील झां क्रा हे फ्रेंच नौदलातले अधिकारी, ॲडमिरलच्या हुद्द्यापर्यंत पोचलेले, आणि तरीही खऱ्या अर्थाने संगीतकार. जहाजावरच्या केबिनमध्ये बसून ऑपेरा लिहिणारा माणूस. जहाजाची दिशा मोजायची एक पट्टीही त्यांनी शोधून काढली होती आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तान्समनच्या लग्नाआधी पाच वर्षं ते वारले होते, ही चुटपुट मला उगाचच लागून राहिली आहे. सासरे-जावई एका टेबलावर हवे होते.

स्त्राविन्स्कीशी गाठ कधी पडली?

पॅरिसमध्येच, विसाच्या दशकात. तेव्हाच्या पॅरिसमध्ये स्त्राविन्स्कीला न भेटता संगीतकार म्हणून जगणं कठीणच होतं. पण ती ओळख होती, मैत्री नव्हे. स्त्राविन्स्की म्हणजे १९१३ ला 'ल साक्र द्यू प्रेंतां' या बॅलेने थिएटरात गोंधळ उडवून दिलेला माणूस. त्याच्या भोवती माणसांची सतत वर्दळ. धाकट्या तान्समनला नमस्काराच्या पलीकडे फारसं काही मिळणार नव्हतं. दोघांना खरं जवळ आणलं ते युद्धाने.

युद्धात तान्समन कुठे होता?

जर्मन फौजा आल्या तेव्हा ज्यू माणसाला पॅरिसमध्ये राहणं शक्य नव्हतं. बायको आणि दोन लहानग्या मुलींना घेऊन तो दक्षिणेला नीसला गेला. तिथेही दिवस भरत आले होते. अशा वेळी अमेरिकेत चॅप्लिनने पुढाकार घेतला, आणखी संगीतकारांना जोडून समिती उभी केली आणि व्हिसा मिळवला. १९४१ मध्ये तान्समन कुटुंब अमेरिकेला पोचलं, वर्ष सरायच्या आत लॉस एंजलिसला.

वुचमध्ये मागे राहिलेल्यांचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. युद्धाआधी त्या शहरातला दर तिसरा माणूस ज्यू होता. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत फौज शिरली तेव्हा तिथल्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, नऊशेहूनही कमी माणसं जिवंत उरली होती. कॅलिफोर्नियातल्या उन्हातली पुढची हकिकत वाचताना हा आकडा मागे ठेवून वाचावी.

हॉलिवुडमध्ये दोघांचं कसं जुळलं?

स्त्राविन्स्की १९३९ च्या सप्टेंबरात अमेरिकेत आला तो उद्ध्वस्त होऊन. सहा-सात महिन्यांत मुलगी, बायको आणि आई अशा तिघी गेल्या होत्या. हार्वर्डला व्याख्यानं दिली, व्हेराशी लग्न केलं आणि १९४१ च्या वसंतात वेस्ट हॉलिवुडमधल्या नॉर्थ वेदर्ली ड्राइव्हवरच्या घरात संसार थाटला. वय अठ्ठावन्न. इंग्रजी धड येत नाही, युरोपातून येणारी रॉयल्टी बंद, नव्या देशात 'द फायरबर्ड' हे जुनं बॅले सोडून लोकांना काही ऐकायचं नाही.

त्याच वर्षी तिथे तान्समन उतरतो. रशियन बोलणारा, फ्रेंच बोलणारा, पॅरिसचे तेच रस्ते आणि तीच माणसं ओळखणारा, आणि स्त्राविन्स्कीचं स्वरलेखन नजरेनेच वाचू शकणारा. दोन्ही घरांचा जवळपास रोजचा राबता सुरू झाला. स्त्राविन्स्कीच्या घराण्याचं मूळ पोलंडशी जोडलेलं होतं आणि त्याच्या तरुणपणीचे उन्हाळे पोलंडच्या सीमेजवळच्या उस्तिलूगमध्ये गेले होते, हाही एक धागा.

निर्वासितांच्या मैत्रीला एक वेगळी घाई असते. गावात असता तर ज्या माणसाशी वर्षातून दोनदा बोलला असता, तो परमुलखात रोजचा होतो. पण सगळ्याच निर्वासितांचं असं जुळत नाही. लॉस एंजलिस तेव्हा रुसलेल्या थोर माणसांनी भरलेलं होतं. तान्समन सगळ्यांकडे जाऊ शकत होता, कारण त्याला कुणाकडून काही सिद्ध करून घ्यायचं नव्हतं.

त्याने तिथे काय पाहिलं?

कामाची शिस्त. स्त्राविन्स्कीबद्दल लोकांच्या मनात १९१३ चा बंडखोर असतो. तान्समनने पाहिला तो रोज ठराविक वेळी टेबलाशी बसणारा कारागीर. टेबलावर पेन्सिली, रबर, शाया, पट्ट्या ओळीने मांडलेल्या. स्वरलेखनाच्या पाच रेघा ओढायला त्याने स्वतःच चाकांचं एक हत्यार बनवलं होतं, त्यामुळे कागदावर लागेल तिथे, लागेल तेवढीच रेघ. रचना करायची ती पियानोशी बसूनच, आणि तोही नमदा लावून आवाज दाबलेला, म्हणजे बाहेर कुणाला ऐकू जायला नको. प्रतिभा वगैरे शब्दांचा त्याला तिटकारा. सोनार जसा तासन्‌तास एका जागी मान खाली घालून बसतो, तसं त्याचं काम.

आणि या शिस्तीतून बाहेर काय पडत होतं? १९४२ मध्ये सर्कशीतल्या हत्तींच्या नाचासाठी एक पोल्का! पोटासाठी काम करायला तो लाजत नव्हता. हत्तींसाठी लिहितानाही स्वर तितक्याच काळजीने मोजत होता.

मग तान्समनला स्त्राविन्स्कीचा शिष्य म्हणायचं का?

नाही. गंडा बांधला नव्हता, तालीम घेतली नव्हती. प्रभाव मात्र कानाला सरळ कळतो: ताल अचानक मोडणं, कोरडे करकरीत स्वरसंघ, दोन स्वरपट्ट्या एकावर एक ठेवणं, बाखकडे वळून पाहणं. तान्समनच्या उंचच उंच रचलेल्या स्वरसंघांना 'गगनचुंबी' असं नावही पडलं होतं.

फरक असा, की स्त्राविन्स्की भावना दाखवायला तयार नसे. संगीत मुळात काहीही व्यक्त करू शकत नाही, इथपर्यंत त्याने म्हणून ठेवलंय. तान्समनला ते जमलं नाही. त्याच्या संथ भागात कुठेतरी शोपँचा श्वास येतोच, एखादी लांब, थोडी उदास सुरावट उमटते आणि मागे हटत नाही. टीकाकार याला कच्चेपणा म्हणाले. मला तर तोच भाग पुन्हा ऐकावासा वाटतो. पंधरा वर्षांनी मोठ्या, जगप्रसिद्ध मित्राच्या इतक्या जवळ राहून त्याने आपली ही खोड सोडली नाही. याला मी कच्चेपणा म्हणणार नाही.

सिनेमात कुणाला जास्त यश मिळालं?

तान्समनला, आणि तेही बऱ्यापैकी फरकाने. फ्रान्समध्येच त्याने दिग्दर्शक द्युव्हिव्हिएसाठी १९३२ मध्ये 'प्वाल द कारोत'चं संगीत दिलं होतं. हॉलिवुडमध्ये त्याच दिग्दर्शकाच्या 'फ्लेश अँड फँटसी'ला त्याचं संगीत आहे. 'पॅरिस अंडरग्राउंड' या १९४५ च्या चित्रपटासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. बक्षीस मिक्लोश रोझाने नेलं.

स्त्राविन्स्कीला मात्र सिनेमाने हुलकावणीच दिली. नॉर्वेवरच्या एका युद्धपटासाठी तयार केलेलं संगीत चित्रपटात गेलंच नाही, त्याचे 'फोर नॉर्वेजियन मूड्स' झाले. 'द साँग ऑफ बर्नाडेट'साठी सुचलेला मजकूर पुढे 'सिंफनी इन थ्री मूव्हमेंट्स'च्या मधल्या भागात शिरला. स्टुडिओच्या तारखा, कापाकापी, निर्मात्याच्या सूचना हे सगळं तान्समन सोसू शकत होता. स्त्राविन्स्की सोसू शकत नव्हता. धाकटा मित्र सिनेमावर घर चालवतोय आणि थोरला रिकाम्या हाताने परत येतोय, हे दृश्य चरित्रकारांनी पुरेसं रंगवलेलं नाही.

'जेनेसिस सूट'ची भानगड काय आहे?

ही मला सगळ्यात आवडणारी हकिकत. नॅथॅनिएल शिल्क्रेट नावाच्या संगीतकार-संचालकाच्या डोक्यात आलं की बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकावर अनेक संगीतकारांकडून एकेक भाग लिहून घ्यावा, मध्ये निवेदक मजकूर वाचेल. प्रस्तावना शॉनबर्गने लिहिली, सृष्टीची उत्पत्ती स्वतः शिल्क्रेटने, आदम आणि हव्वा तान्समनने, केन-एबल मियोने, जलप्रलय कास्तेलनुओव्हो-तेदेस्कोने, देवाचा करार टॉखने आणि शेवटचा बाबेलचा मनोरा स्त्राविन्स्कीने. १८ नोव्हेंबर १९४५ ला लॉस एंजलिसमध्ये वेर्नर यान्सेनच्या संचालनाखाली पहिला प्रयोग झाला.

अडचण अशी की शॉनबर्ग आणि स्त्राविन्स्की एकाच शहरात राहूनही एकमेकांशी बोलत नव्हते. विसाव्या शतकातल्या संगीताचे दोन खांब, मोटारीने अर्ध्या तासाच्या अंतरावर, आणि वर्षानुवर्षं अबोला. तालमीच्या वेळी दोघांची गाठ पडू नये याची काळजी घ्यावी लागली. दोघे सभागृहाच्या दोन टोकांना. माणसांच्या भाषा वेगळ्या होऊन मनोरा अर्धवट राहिला, ही कथा स्त्राविन्स्कीच्याच वाट्याला यावी!

तान्समनचं दोघांकडेही जाणं-येणं होतं. त्याचा आदम-हव्वेचा भाग ऐकला तर तिथेही तो मधोमधच उभा दिसतो. शॉनबर्गची प्रस्तावना बारा स्वरांच्या, म्हणजे बाराही स्वर ठरावीक क्रमाने वापरायच्या, कडक हिशोबातली. स्त्राविन्स्कीने देवाची वाणी निवेदकाला देण्याऐवजी पुरुषांच्या कोरसला दिली आणि संगीताने गोष्ट चितारायला नकार दिला. तान्समनने सरळ बाग रंगवली, मोह रंगवला. हॉलिवुडच्या जवळचं वाटतं हे मान्य, पण त्या बागेत शिरावंसं वाटतं.

पुढे शिल्क्रेटच्या घराला आग लागली आणि बरीच स्वरलेखनं जळाली. अनेक वर्षांनी जुन्या ध्वनिमुद्रणाच्या आणि सापडलेल्या कागदांच्या आधाराने हा सगळा सूट पुन्हा उभा केला गेला. आज तो पूर्ण ऐकता येतो.

त्याने स्त्राविन्स्कीवर पुस्तक लिहिलं ते कसं आहे?

१९४६ मध्ये तान्समन पॅरिसला परतला आणि १९४८ मध्ये फ्रेंचमध्ये त्याचं 'इगोर स्त्राविन्स्की' हे पुस्तक निघालं. पुढच्या वर्षी इंग्रजीतही आलं.

चरित्र म्हणून ते एकांगी आहे. मित्राचे दोष त्यात जवळजवळ नाहीत. स्त्राविन्स्कीची पैशाबाबतची चिकाटी, आजारपणाची भीती, लोकांना तोडून टाकण्याची सवय हे दुसरीकडे वाचावं लागतं. पण एका संगीतकाराने दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावून त्याचं काम कसं चालतं ते सांगणं, हे समीक्षकाला जमत नाही. तेवढ्यासाठी पुस्तक टिकून आहे.

ते कधी निघालं, हेही ध्यानात घ्यायला हवं. मार्च १९४५ मध्ये, पॅरिस मुक्त होऊन वर्षही झालेलं नसताना, स्त्राविन्स्कीच्या कार्यक्रमात 'फोर नॉर्वेजियन मूड्स' चालू असताना फ्रेंच संगीतकार मेसियांच्या विद्यार्थ्यांनी शिट्ट्या वाजवल्या. त्यांत तरुण पियेर बुलेझही होता. नव्या पिढीच्या लेखी शॉनबर्ग आणि त्याचा शिष्य वेबर्न हे भविष्य, नवअभिजात म्हणजे जुन्या घाटांकडे वळलेला स्त्राविन्स्की भूतकाळ. तान्समन परतला तो या पॅरिसमध्ये. म्हणून पुस्तक वाचताना मला ते चरित्रापेक्षा वकिलाच्या युक्तिवादासारखं वाटतं. वॉर्सात शिकलेला कायदा शेवटी मित्राच्या खटल्यात कामी आला.

पुढे दोघांचं बिनसलं का?

भांडण झालं नाही. मध्ये अटलांटिक आला. शिवाय १९४८ पासून स्त्राविन्स्कीच्या आयुष्यात तरुण अमेरिकन संचालक रॉबर्ट क्राफ्ट आला आणि सल्लागार, मदतनीस, सहप्रवासी सगळं तोच झाला. रोजच्या मित्राची जागा भरली गेली.

खरी उपरोधिक गोष्ट वेगळीच घडली. १९५१ मध्ये शॉनबर्ग वारला, आणि पुढच्या काही वर्षांत स्त्राविन्स्कीने हळूहळू शॉनबर्गचीच बारा स्वरांची पद्धत उचलली. 'आगोन' आणि 'थ्रेनी' ऐकून पाहा. ज्याच्या बाजूने तान्समन पॅरिसमध्ये किल्ला लढवत होता, तो किल्लेदारच पलीकडच्या गोटात गेला! तान्समन होता तिथेच राहिला. १९५३ मध्ये कोलेत गेली. मुली लहान होत्या. तो लिहीत राहिला: 'यशया प्रेषित' हे ओरातोरियो (गायक आणि वाद्यवृंदासाठीची मोठी धार्मिक रचना) त्याआधीच झालं होतं, पुढे स्वतःला मसीहा म्हणवणाऱ्या सतराव्या शतकातल्या सब्बाताई त्झ्वीवर ऑपेरा आला. मैफलींच्या फॅशनला आता त्याची गरज राहिली नव्हती.

गिटार वाजवणाऱ्यांना तो बरोबर माहीत असतो. असं का?

आन्द्रेस सेगोव्हियामुळे. १९२५ मध्ये तान्समनने त्याच्यासाठी मझुर्का लिहिली आणि हा व्यवहार पन्नासेक वर्षं चालला. 'काव्हातिना'ला १९५१ मध्ये सिएनाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. सेगोव्हियाला शेवट अजून जोरकस हवा होता, म्हणून 'दान्सा पोम्पोसा' मागून जोडली. 'सुइत इन मोदो पोलोनिको' म्हणजे जुन्या पोलिश नाचांची आठवण. सिंफनीवाले त्याला विसरले तेव्हा गिटारवाल्यांनी त्याला जिवंत ठेवलं. पियानो शिकणारी मुलंही त्याच्या सोप्या तुकड्यांवरून पुढे जातात, बहुतेकदा नाव न वाचता.

पोलंडने त्याला आठवणीत ठेवलं का?

उशिरा. युद्धानंतर बराच काळ तिथे त्याचं संगीत फारसं वाजलं नाही. त्याने मात्र पंचाऐंशीच्या घरात असताना १९८२ मध्ये गिटारसाठी 'ओमाज आ लेख वालेंसा' (पोलिश कामगारनेता वालेंसाला मानवंदना) लिहिलं, पोलंडमध्ये लष्करी कायदा चालू असताना. आता वुचमध्ये त्याच्या नावाने संगीतस्पर्धा होते.

ऐकायला कुठून सुरुवात करू?

कान जॅझचा असेल तर 'सोनातीन त्रान्साटलांतिक'. गिटार आवडत असेल तर 'काव्हातिना'तला बार्कारोल (नावाड्यांच्या गाण्याच्या चालीचा भाग), दिवे मालवून. तंतुवाद्यांसाठीचं 'त्रिप्तिक' ऐकलंत तर विसाच्या दशकानंतरचं पॅरिस कसं वाजत होतं ते कळेल. मझुर्का एका दमात ऐकू नका, रोज एकदोन.

आणि 'स्तेल' मात्र चुकवू नका. स्त्राविन्स्की ६ एप्रिल १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये वारला आणि व्हेनिसजवळच्या सान मिकेले बेटावर त्याला पुरलं. पुढच्या वर्षी पंचाहत्तरीच्या तान्समनने त्याच्या स्मरणार्थ वाद्यवृंदासाठी ही रचना केली. स्तेल म्हणजे स्मृतिशिळा. तीन भाग आहेत: पहिला शोकगीत, शेवटचा विलाप. मधल्या भागाला त्याने नाव दिलंय 'स्तुदिओ रित्मिको', तालाचा अभ्यास. तिथे वाद्यं एकदम उसळतात, मात्रा मोडतात, पुन्हा जुळतात, आणि वेदर्ली ड्राइव्हवरच्या त्या नमदा लावलेल्या पियानोशी कुणीतरी काम करत बसल्यासारखं वाटतं.